मागच्या सालची मिळकत, पुढच्या सालची वसुली



मदत मिळकतीला बांधली की काय होते, ते ब्रिटनमध्ये पाहू. तिथे २००३ साली कमी मिळकतीच्या कुटुंबांसाठी 'टॅक्स क्रेडिट' आले. नाव कराचे, काम मदतीचे. रक्कम आधी मागच्या सालच्या मिळकतीवर ठरायची. साल सरले की खरा हिशेब. मिळकत २,५०० पौंडांपर्यंत वाढली तर माफ. त्याहून जास्त वाढली, की मदत कमी ठरे आणि जादा गेलेला पैसा पुढच्या हप्त्यांतून कापला जाई. पहिल्याच साली सुमारे २२० कोटी पौंड जादा गेले. मिळकतीतली वाढ हे त्याचे एक मोठे कारण. पण तो पैसा तर कधीच पोटात गेला होता! ओरड झाली, तेव्हा एप्रिल २००६ पासून ही माफी २५,००० पौंड केली. २०१६ मध्ये ती पुन्हा २,५०० वर आली. एप्रिल २०२५ मध्ये योजनाच संपली.

आपण कोरडवाहू माणसे. एका साली कापसाने घर भरते, दुसऱ्या साली ज्वारीचे कणीस भरत नाही. म्हणून अशा कोणत्याही योजनेत आपण दोन प्रश्न विचारू: मिळकत कोणत्या सालची धरणार? आणि वसुली कशी करणार? उत्तर लेखी घेऊ, मगच अंगठा उठवू.