अभ्यासाचे तास



दहावीचा मुलगा किती तास बसला, हे आपण घड्याळात पाहतो. निकालानंतर मात्र "एवढा बसत होता, तरी!" म्हणून कपाळाला हात लावतो.

अमेरिकेतील रोडिगर व कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना दोन उतारे वाचावयास दिले. एक पुन्हा वाचावयाचा. दुसरा मिटून आठवेल तेवढा लिहून काढावयाचा. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा पुन्हा वाचलेला उतारा अधिक आठवला: शेकडा ८१ विरुद्ध ७५. ज्यांची परीक्षा आठवड्याने घेतली, त्यांच्यात पारडे फिरले: ४२ विरुद्ध ५६!

वाचून वाचून ओळी ओळखीच्या होतात आणि मुलाला वाटते, आले आपल्याला. तो खोटे बोलत नसतो हो, फसलेला असतो. उलट, पुस्तक मिटले की तो अडखळतो, चिडतो. चिडू द्या. अडखळून आठवलेलेच पुढे टिकते. मग राहिलेले पुस्तकात पाहावे आणि चार दिवसांनी पुन्हा मिटून सांगावे.

शिकवणीची फी ज्यांना झेपत नाही, त्यांच्या घरीही हे होण्याजोगे आहे. ऐकणाऱ्याला भूमिती यावी लागत नाही. पुस्तक तेवढे आपल्या हाती ठेवावे.