भागीदाराच्या हातातील कळ



बातमी कोण देतो, हा प्रश्न सर्वत्र विचारला जातो. ती पोहोचविण्याचा खर्च कोण सोसतो, हे मात्र क्वचितच विचारले जाते. बीबीसीच्या पहिल्या अरबी दूरचित्रवाणीची हकीगत या दुसऱ्या प्रश्नाची आहे.

बीबीसीची परदेशी नभोवाणी दीर्घकाळ ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या अनुदानावर चालली. सरकारचा पैसा म्हणून तिच्याकडे संशयाने पाहणे रास्तच होते. परंतु तो पैसा पार्लमेंटने मंजूर केलेला असे, त्यावर जाहीर वाद घालता येत असे. जागतिक दूरचित्रवाणीची वेळ आली तेव्हा सरकारने हात आखडता घेतला आणि व्यापारी भागीदार शोधणे भाग पडले.

पहिला बडा भागीदार हाँगकाँगचा 'स्टार' समूह. १९९१ मध्ये त्याच्या उपग्रहावरून बीबीसीच्या बातम्या आशियाभर जाऊ लागल्या. केबलवाल्यांच्या तारांतून मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांत त्या शिरल्या त्याही याच वाटेने. १९९३ मध्ये रूपर्ट मर्डोक यांच्या कंपनीने 'स्टार'चे बहुसंख्य भाग घेतले. त्याच वर्षी, नवी दळणवळण-साधने हुकूमशाही राजवटींना धोका ठरली आहेत, असे मर्डोक एका भाषणात बोलून गेले आणि थोड्याच दिवसांत चीनने खाजगी तबकड्यांवर निर्बंध घातले. एप्रिल १९९४ मध्ये उपग्रहाच्या उत्तरेकडील, म्हणजे चीनकडील झोतावरून बीबीसी उतरविण्यात आली. चिनी राज्यकर्त्यांची मर्जी राखण्यासाठी हे केले, अशी कबुली पुढे मर्डोक यांनीच दिली. भारताकडील झोतावर ती राहिली. दिल्लीची मर्जी तेव्हा तितकी मोलाची वाटली नसावी.

हा अनुभव ताजा असतानाच, १९९४ मध्ये, अरबी वाहिनीसाठी 'ऑर्बिट' या कंपनीशी दहा वर्षांचा करार झाला. कंपनीचे ठाणे रोममध्ये, भांडवल सौदी राजघराण्याशी संबंधित उद्योगसमूहाचे. निरनिराळ्या अरब देशांतील पत्रकार लंडनमध्ये बसून बातमीपत्र तयार करीत. प्रक्षेपणाची कळ भागीदाराकडे. संपादकीय स्वातंत्र्य करारात होते, पण सांस्कृतिक संवेदना जपण्याची अपेक्षाही होती. ज्यांनी पक्षाचे साप्ताहिक परक्या छापखान्यात उधारीवर छापून घेतले आहे, त्यांना या दोहोंपैकी कोणते कलम वेळेवर चालते हे सांगावयास नको.

१९९६ च्या आरंभी मुहम्मद अल-मसारी या सौदी विरोधकाला लंडनमधून डोमिनिका बेटावर धाडण्याचा ब्रिटिश सरकारचा प्रयत्न सुरू होता. सौदी अरेबियाशी असलेल्या व्यापाराचे, त्यातही शस्त्रविक्रीचे हितसंबंध त्यामागे आहेत, हे लपून राहिले नव्हते. न्यायाधिकाऱ्यांच्या निर्णयामुळे तो प्रयत्न फसला. म्हणजे दडपण केवळ रियाधचे नव्हते. ब्रिटिश सरकारचेही हात त्याच व्यवहारात गुंतले होते. एप्रिलमध्ये बीबीसीच्या 'पॅनोरामा' कार्यक्रमाने सौदी अरेबियातील मानवी हक्कांची पायमल्ली दाखविली. संवेदना दुखावल्याचे कारण देऊन 'ऑर्बिट'ने करार मोडला आणि वाहिनी दोन वर्षांच्या आतच बंद पडली. संपादक चुकले म्हणून नव्हे, ते आपले काम करीत राहिले म्हणून.

बेकार झालेल्यांपैकी अनेकांना कतारच्या अमिराने पैसा पुरविलेल्या 'अल-जझीरा'त काम मिळाले. ती १ नोव्हेंबर १९९६ रोजी सुरू झाली. या वाहिनीने अरब राज्यकर्त्यांना पडद्यावर जाब विचारला, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. खुद्द कतारच्या कारभाराविषयी तिचा आवाज तेवढा चढत नसे.

ब्रिटनमध्ये धडा घेतला गेला, पण उशिरा. मार्च २००८ मध्ये बीबीसीची अरबी दूरचित्रवाणी पुन्हा सुरू झाली, ती भागीदाराविना, सरकारी अनुदानावर. त्यासाठी पैसा उभा करताना नभोवाणीच्या दहा भाषासेवा बंद करण्याचा निर्णय २००५ मध्ये झाला होता. त्यांत बहुसंख्य पूर्व युरोपातील होत्या. शिवाय कझाक आणि थाई.