पाठ करून घेतलेला आत्मविश्वास नको



या संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. आता जे बोलणार आहे ते समोरच्या पहिल्या दोन रांगांना रुचणार नाही, तरी बोलणार आहे.

संमेलनाच्या पत्रिकेत मुलांची नाटुकली सकाळी साडेआठला लावली आहेत. उद्घाटनाच्या आधी, पाहुणे यायच्या आत, माईकवाल्याची जुळवाजुळव चालू असताना. चार चार महिने तालमी करून आलेल्या पोरांनी रिकाम्या खुर्च्यांपुढे नाटक केलं. वर आपणच परिसंवाद ठेवला, ‘आजच्या तरुणांना आत्मविश्वास का नाही?’ उत्तर पत्रिकेतच छापलंय.

पण माझा खरा राग वक्तृत्व स्पर्धांवर आहे. भाषण सरांनी लिहायचं, आईने पाठ करून घ्यायचं, अमुक शब्दाला मूठ वळायची आणि तमुक शब्दाला बोट वर करायचं हे काकांनी बसवायचं. पोराचं त्यात काय? फक्त घसा.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी अशा स्पर्धेला मी श्रोत्यांत बसलो होतो. आठवीतली एक मुलगी थोर पुरुषांवर बोलता बोलता मध्येच अडकली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा त्याच वाक्याला अडकली. घंटा झाली, ती मान खाली घालून उतरली. थोड्या वेळाने शाळेच्या पाण्याच्या टाकीपाशी तीच मुलगी मैत्रिणींना सांगत होती, तिच्या आईने मजुरीपोटी आगाऊ घेतलेल्या उचलीच्या पैशांवरून मुकादमाला कसं अडवलं ते. मुकादमाचा खर्जातला आवाज काढत होती, आईचा पदर खोचून दाखवत होती, मुकादम गप्प झाला तिथे स्वतःही नेमकी थांबत होती. ‘मंग आय म्हणली’ म्हणाली आणि सगळ्या पोरी श्वास रोखून उभ्या राहिल्या. आवाज, हावभाव, विराम, धिटाई, सगळं तिच्यापाशी होतं. परीक्षकांच्या गुणपत्रिकेत ‘शुद्ध उच्चार’ असा रकाना होता आणि त्या रकान्यात ती मुलगी मावत नव्हती.

या मुलीला आत्मविश्वास शिकवायला निघालेले आपण कोण? तिच्या तोंडची भाषा पहिलीपासून दुरुस्त करत आणली, ‘व्हतं’ म्हटलं की वर्ग हसला, आणि आता ती बोलत नाही म्हणून आपण व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरं भरवतो. प्रमाणभाषा तिला यावीच, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण आधी तिचं ऐका. जिचं कुणी ऐकलंच नाही, ती तुमची भाषा कशासाठी शिकेल?

नाटक इथे काय करतं ते तालमीला बसल्याशिवाय कळत नाही. लाजरं मूल स्वतःच्या नावाने बोलायला घाबरतं. त्याला मुकादम करा, सरपंच करा, बँकेचा साहेब करा. बोलणारा मुकादम असतो, त्यामुळे आपल्याला कुणी हसेल ही भीती उरत नाही, आणि त्या आडोशाने ते आपल्या मनातलं बोलून जातं. दुसरं असं की स्पर्धेत विसरलेलं मूल एकटं पडतं. नाटकात विसरलं तर समोरचा सांभाळून घेतो, विंगेतून कुणी शब्द पुरवतं. आणि त्याचं वाक्य आल्याशिवाय दुसऱ्याला पुढे जाता येत नाही. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, हे ज्या मुलाला घरी-दारी कधी जाणवलेलं नसतं, त्याला ते तालमीत रोज जाणवतं. ताठ मान तिथून येते. आरशापुढे ‘मी करू शकतो’ म्हणून येत नाही, तसं म्हणायला लावणाऱ्या क्लासची फी कितीही असो.

हे काही मी आज नव्याने सांगत नाही. शाळेशी जेमतेम दीड दिवसाचा संबंध आलेले अण्णाभाऊ साठे 1944 साली अमर शेख आणि द. ना. गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथकात उभे राहिले आणि मुंबईचं गिरणगाव त्यांना ऐकायला जमू लागलं. पुण्यात माळीकाम करणारे निळू फुले राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडले. 2012 साली ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक आलं, तेव्हा जालना जिल्ह्यातल्या जांबसमर्थ परिसरातले शेतकरी तरुण आपल्या बोलीत, आपल्या हेलात मुंबई-पुण्याच्या रंगमंचावर बोलले. प्रेक्षकांनी त्यांना उच्चार सुधारून या म्हटलं नाही. रत्नाकर मतकरींनी 2014 मध्ये ठाण्यात ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. वस्त्यांतल्या मुलांनी स्वतःच्या जगण्यातले विषय घेऊन स्वतःच नाटिका बसवल्या. 1960च्या दशकात बालनाट्याचा पाया घालणाऱ्यांपैकी असलेल्या या माणसाला उतारवयात हेच काम सर्वांत निकडीचं वाटलं, याचा आपण रंगकर्मींनी विचार केलाय का? आपण अजून करंडकांच्या याद्या मिरवतो आणि तयार, चुणचुणीत पोरं तेवढी निवडतो. कोपऱ्यात बसलेल्याला ‘तू पडदा ओढ’ म्हणतो. त्या कोपऱ्यातल्यासाठीच तर तालीम असते!

शिक्षकांवर ओझं आहे, मान्य. पण शाळांचे रंगमंच मी पाहिले आहेत. मोडके बाक, निवडणुकीचं सामान, तांदळाची पोती. वर्षातून एकदा स्नेहसंमेलनाला ते मोकळे होतात, आणि त्यांवर सिनेमाचं गाणं लावून पोरं नाचवली जातात. म्हणजे त्या एका दिवशीही मुलांच्या तोंडून शब्द निघत नाही.

उद्याच्या खुल्या अधिवेशनासाठी संयोजकांनी माझ्याकडे ठरावांचा मसुदा दिलाय. त्यात अभिनंदनाचे सात ठराव आहेत. ते ठेवा बाजूला. माझे तीन घ्या. हे संमेलन भरवणाऱ्या संस्थेची वक्तृत्व स्पर्धा पुढच्या वर्षीपासून बंद करून ती रक्कम तालुक्यातल्या शाळांत वर्षभर नाट्यशिबिरं घ्यायला द्यावी. त्या शिबिरांतली संहिता मुलांनी रचलेली असावी आणि त्यांच्या बोलीला कात्री लावू नये. पुढच्या संमेलनात मुलांचे प्रयोग संध्याकाळी सातला, भरल्या मंडपात व्हावेत आणि पाहुण्यांची भाषणं सकाळी साडेआठला. हे मंजूर होणार नसेल तर संमेलनाच्या ठरावांवर माझी सही मिळणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.