अंडे, आहार आणि संप्रेरके

(डहाणू व तलासरी तालुक्यांतील सरपंच, ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी कलाशाखेचा पदवीधर, पशुवैद्य नव्हे. तरीही कोंबडीच्या पोटातील कारभारावर बोलण्याचे धाडस मी करीत आहे, याचे कारण गावोगावच्या बैठकांत हमखास विचारला जाणारा एक प्रश्न. "पक्षी चांगल्या जातीचे आणले, मग अंडी का मिळत नाहीत?" उत्तर देताना आपण दोष एक तर जातीला देतो, नाही तर ते पक्षी सांभाळणाऱ्या पाड्यावरच्या बाईला. माझ्या मते दोन्ही आरोप अस्थानी आहेत. अंडे घालावे की न घालावे, हा निर्णय कोंबडीच्या शरीरातील संप्रेरके घेतात, आणि तो घेताना ती पोटाकडे पाहतात.

आहार आणि संप्रेरके या दोन्ही विषयांत मानवाचा पहिला गुरू कोंबडीच होय, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. जर्मनीतील ग्योटिंगेन येथे १८४९ मध्ये आर्नोल्ड बेर्टहोल्ड यांनी काही तरुण कोंबड्यांचे वृषण काढले. त्यांचा तुरा वाढला नाही आणि आरवणेही राहिले. ज्यांच्या पोटात मात्र वृषण दुसऱ्या जागी पुन्हा बसविले, ते नेहमीसारखे वाढले, आरवले, भांडलेदेखील. चेतातंतूंचा जुना संबंध तुटला होता. तेव्हा काहीतरी द्रव्य रक्तावाटेच जात असले पाहिजे, हे उघड झाले. या द्रव्यांना पुढे संप्रेरके हे नाव मिळाले. १८९० नंतरच्या दशकात जावा बेटावर डच डॉक्टर क्रिस्तियान आइकमान यांना असे आढळले की, गिरणीतून पांढऱ्याशुभ्र करून आलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिला की त्या उभ्या राहतात. जीवनसत्त्वांच्या शोधाचा हा आरंभ. त्याबद्दल आइकमान यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. भातपिकाच्या या मुलखात ही हकिगत शाळेत सांगण्याजोगी आहे.

आता प्रत्यक्ष अंड्याकडे वळू. कोंबडीचे बहुधा डावे अंडाशयच काम करते. बलक मोठा होण्याचा शेवटचा आणि वेगाचा टप्पा साधारण आठ-दहा दिवसांचा असतो. बलक सुटल्यानंतर त्यावर पांढरा बलक चढण्यास सुमारे तीन तास, पातळ पापुद्र्यास तासाभराहून थोडा अधिक आणि कवचास जवळजवळ वीस तास लागतात. एकूण कालावधी चोवीस तासांहून किंचित जास्त भरतो. म्हणून रोज अंडे देणारी कोंबडीही ते दररोज थोडे उशिरा घालते आणि मग एखादा दिवस चुकविते. हा तिचा आळस नव्हे.

या कारखान्याची किल्ली मेंदूच्या तळाशी असते. उजेड कवटीतून झिरपून तेथपर्यंत पोहोचतो. म्हणूनच आंधळी कोंबडीही अंडी घालू शकते. तेथून पीयूषिका ग्रंथीला इशारा मिळतो, तिच्या संप्रेरकांनी अंडाशय जागे होते आणि अंडाशयातून इस्ट्रोजेन स्रवू लागते. इस्ट्रोजेन यकृताला बलकाचा माल तयार करावयास लावते. इतकेच नव्हे, तर तलंग पहिले अंडे घालण्यापूर्वीच ते तिच्या पायाच्या हाडांच्या पोकळीत कॅल्शियमची खास गंगाजळी साठवून ठेवते. कवच बहुतांशी रात्री घडते, तेव्हा कोंबडी खात नसते. त्या वेळी या ठेवीतून उचल केली जाते आणि दिवसा आहारातून तिची भरपाई होते. भरपाई झाली नाही तर प्रथम कवच पातळ होते, मग मऊ अंडी येतात आणि शेवटी अंडी थांबतात. कवचाचे तुकडे खाऊ लागलेली कोंबडी खोडकर नसून बहुधा भुकेली असते.

एक साधा हिशेब मांडतो. एका अंड्याच्या कवचात दीड ते दोन ग्रॅम कॅल्शियम लागते. कोंबडी दिवसाला सुमारे १०० ग्रॅम दाणा खाते. तेवढ्या तांदळाच्या कणीत कॅल्शियम असते जेमतेम १० मिलिग्रॅम. कॅल्शियमसाठी जिची ख्याती आहे त्या नाचणीत १०० ग्रॅमला ३४० मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे तीही पुरी पडत नाही. मोकळी कोंबडी उरलेले किडे, गोगलगायी, माती यांतून मिळविते. प्रथिनांचेही तेच. व्यापारी अंडी-खाद्यात प्रथिने शेकडा १६ ते १८ असतात, कणीत त्याच्या निम्म्याहून कमी. मेंदूने हुकूम सोडला आणि यकृताने तो शिरोधार्य मानला, तरी कोठारात मालच नसेल तर बलक भरणार कशाने? उपासमार अधिक झाली तर मेंदू हुकूम देणेच बंद करतो. मोठ्या कुक्कुटपालन केंद्रांत पिसे झडवून पक्ष्यांना विश्रांती देण्यासाठी मुद्दाम खाद्य तोडण्याची पद्धत रूढ होती, ती याच तत्त्वावर.

पावसाळ्यात आणि भातकापणीच्या सुमारास डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर किडामुंगी व सांडलेला दाणा मुबलक असतो. माघ-फाल्गुनानंतर जमीन उघडी पडते. कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर कामासाठी बाहेर गेलेली असतात आणि कोंबड्या म्हाताऱ्या माणसांच्या भरवशावर राहतात. दिवस मोठा होत असतो, म्हणजे उजेड "घाल" म्हणतो. पोट "थांब" म्हणते. आपल्या अक्षांशावर सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात अडीच तासांच्या आसपासच अंतर आहे. म्हणून खुराड्यात दिवा लावण्याच्या आधी दाण्याची सोय पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर उपाय दूरचा नाही. डहाणूच्या किनाऱ्यावर शिंपले आहेत, सुकी मासळी आहे. शिंपले धुऊन, वाळवून त्यांचा जाडसर चुरा संध्याकाळी वेगळ्या भांड्यात ठेवावा. पीठ करू नये. जाड तुकडे पोटात सावकाश विरघळतात आणि रात्रभर पुरतात. कोंबडी तो गरजेपुरताच खाते. कणीत कोंडा आणि थोडा सुका जवळा मिसळावा. मात्र खारवलेली मासळी टाळावी, कारण जादा मीठ कोंबडीला बाधते. अति खाऊ घालण्यातही हित नाही. मांसल जातीच्या माद्यांना पोटभर खाऊ दिले तर एकाच वेळी दोन-दोन बलक सुटतात आणि अंडी बिघडतात. म्हणून त्यांचा आहार मोजून देतात.

आता खुडूक कोंबडीविषयी. घरट्यात अंडी साठली आणि त्यांचा स्पर्श पोटाला होत राहिला की पीयूषिकेतून प्रोलॅक्टिन वाढते. त्यापाठोपाठ अंडी घालविणारी संप्रेरके उतरतात, अंडाशय आकसते आणि कोंबडी २१ दिवस बसून राहते. पुढे दीड-दोन महिने पिल्ले सांभाळते. या फेऱ्यांमुळे गावठी कोंबडीची अंडी वर्षाला पन्नास-साठीच्या घरात राहतात. आपल्या अहवालांत हा "दोष" म्हणून नोंदला जातो, आणि ते मला पटत नाही. पाड्यावरच्या बाईला अंड्यापेक्षा पिल्लू आणि पिल्लापेक्षा कोंबडा मोलाचा असतो. देवकार्याला कोंबडा लागतो, पाहुण्याला लागतो, अडल्या दिवशी बाजारात पैसा तोच देतो. अंडी उबविण्याचे यंत्र तिच्याकडे नाही. खुडूक कोंबडी हेच तिचे यंत्र. सुधारित जाती अंडी अधिक देतात, पण बसत नाहीत. तेव्हा त्यांची फलित अंडी गावठी खुडूक कोंबडीखाली ठेवणे हा दोहोंचा मेळ. ज्या घराला खायला अंडी हवीत, त्याने ती रोजच्या रोज उचलावीत. घरट्यात साठू देऊ नयेत.

शिक्षक मित्रांना विद्यार्थी विचारतात, "बाजारातल्या कोंबडीला संप्रेरकांची सुई देतात, हे खरे का?" वाढीचे संप्रेरक हे प्रथिन आहे. खाद्यातून दिले तर ते पचून जाईल आणि हजारो पक्ष्यांना रोज टोचणे कोणालाही परवडणार नाही. जलद वाढ ही निवडपैदाशीची आणि खाद्याची करामत आहे. चिंताच करावयाची तर प्रतिजैविकांच्या बेसुमार वापराची करावी.

हा विषय मी पंचायतीपुढे आणतो तो अंगणवाडीसाठी. अंगणातल्या मुलांपर्यंत शिक्षण नेण्याचा मार्ग ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या याच परिसरात घालून दिला. राज्य शासनाने २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना गरोदर व स्तनदा मातांसाठी सुरू केली आणि २०१६ मध्ये तिचा विस्तार करून आदिवासी भागातील सात महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकांना आठवड्यातून चार वेळा अंडे वा केळी देण्याची तरतूद केली. ते अंडे शहरातून टेम्पोने येण्याऐवजी पाड्यावरच मिळाले, तर पोषण आणि पैसा दोन्ही गावात राहतील. त्यासाठी पिल्ले वाटपाचा ठराव करताना त्याच ठरावात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. वाटपाआधी मानमोडीची लस. पहिल्या उन्हाळ्यापुरते खाद्य. आणि दर घरामागे शिंपल्याच्या चुऱ्याचे एक पोते, जे डहाणूहून तलासरीला पोहोचविण्याचे काम एखाद्या महिला बचत गटाकडे सोपविता येईल. खाद्याचे मिश्रण बसविण्यासाठी कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्राचा आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा सल्ला घ्यावा. वाटपाची तारीख शक्यतो पावसाळ्याच्या तोंडाशी धरावी. म्हणजे पिल्ले आधी नीट उबेत वाढवून मोकळी सोडली, की त्यांना किडामुंगीचा हंगाम सापडेल आणि तलंगा अंड्यावर येण्यापूर्वी हाडांतली ठेव भरण्यास वेळ मिळेल.