हात गार का पडतात?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



हळदीकुंकवाला अत्तर लावण्याचे काम नेहमी माझ्याकडे असते. संक्रांतीच्या दिवसांत आपल्या संभाजीनगरात थंडी चांगलीच असते, आणि एकेकीचा हात हातात घ्यावा तो बर्फासारखा! विचारले तर उत्तर ठरलेले, "माझं मेलीचं असंच असतं." मी जन्मभर परिचारिकेचे काम केले, म्हणून चिटणीसबाईंनी आज मला यावर बोलायला उभे केले आहे.

बायकांना थंडी वाजते तो नखरा नव्हे. इस्त्रीला जसा उष्णतेचा खटका असतो, तसा मेंदूतही एक आहे. पाळीच्या साधारण १४ दिवस आधी स्त्रीबीज सुटते. मग प्रोजेस्टेरॉन नावाचा स्राव वाढतो, आणि हा खटका ०.३ ते ०.५ अंश सेल्सियसने वर सरकतो. ती जास्तीची ऊब राखण्यासाठी कातडीकडील बारीक रक्तवाहिन्या लवकर आवळतात. रक्त पोटाकडे, छातीकडे राहते आणि बोटे गार पडतात. पाळी आली की खटका पुन्हा खाली येतो. तेव्हा काल चालणारा पंखा आज सुनेला नकोसा झाला, तर तंटा करू नये! पुढे पाळी जाण्याच्या वयात इस्ट्रोजेन ओसरते, अंग एकाएकी पेटते, घाम फुटतो, आणि त्या घामानेच मग हुडहुडी भरते.

इथवर सारे स्वाभाविक. पण माझ्या धाकट्या जाऊबाईंच्या पायांत बाराही महिने मोजे असत. आम्ही हसत असू, मीसुद्धा. पाळीत रक्त फार जाई, ते त्या कोणापाशी बोलल्या नाहीत. एके दिवशी जिन्यात धाप लागून मटकन बसल्या, तेव्हा रक्त तपासले. हिमोग्लोबिन साडेसहा! बाराच्या खाली म्हणजे रक्तक्षय, हे मला पाठ होते. पण घरातल्या माणसाकडे आपण तसे पाहतो कुठे? अंगात लोह कमी पडले की शरीराला पुरेशी उष्णता निर्माण करता येत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांत ५४ जणींना रक्तक्षय आढळला. म्हणजे या सतरंजीवर किती, ते तुम्हीच मोजा.

थायरॉईड मंदावले तरी सदा थंडी वाजते. आणि गार पाण्यात हात घालताच बोटे पांढरी, मग निळी, मग लाल होत असतील, तर ते डॉक्टरांना जरूर सांगावे. फ्रान्सच्या डॉक्टर रेनॉ यांनी १८६२ साली याचे वर्णन केले. हा त्रास बायकांतच अधिक दिसतो.

जाऊबाईंनी लोहाच्या गोळ्या कित्येक महिने घेतल्या, लिंबूपाण्याबरोबर. चहाबरोबर घेऊ नयेत, लोह अंगी लागत नाही.

येत्या बुधवारी आम्ही काहीजणी रक्त तपासायला घाटीत जाणार आहोत. यायचे असेल त्यांनी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. जाऊबाईही बरोबर आहेत.