ढगात शिरण्याआधीचा अभ्यास

(मुलींचे तांत्रिक शिक्षण या विषयावरील कार्यकर्ती-शिबिरात केलेले भाषण)



विषय फळ्यावर लिहिल्याबरोबर मागून एक बाई म्हणाल्या, "ताई, आमच्याकडे दोन दिवसांआड पाणी येतं, आणि तुम्ही विमानावर बोलणार?" प्रश्न रास्त आहे. मी समाजकार्याचे शिक्षण घेऊन गेली बारा वर्षे वस्त्यांमधून काम करते. रेशनकार्ड, पोलीस ठाणे, पोटगीचे दावे यातच माझाही दिवस जातो. तुमच्या प्रश्नाचे उत्तर शेवटी देते. विसरले तर आठवण करा.

विमानाशी माझा संबंध आला तो आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका मुलीमुळे. वडील एसटीत ड्रायव्हर, आई शिवणकाम करते. बारावीला गणित आणि फिजिक्स उत्तम. तिला वैमानिक व्हायचे आहे. भावाच्या इंजिनिअरिंगसाठी गावाकडची अर्धा एकर जमीन विकली. हिला मात्र सांगितले, "आधी लेखी पेपर काढून दाखव, मग पैशाचं बघू." व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला २०० तास उड्डाण लागते आणि आज त्याचा खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. पेपरांना त्या मानाने काहीच लागत नाही, म्हणून बऱ्याच जणी पेपरांपासून सुरुवात करतात. पास व्हायला ७० टक्के लागतात. गेल्या सत्रात हिला नेव्हिगेशनमध्ये ६८ मिळाले. घरात स्थळे येऊ लागली आहेत. आणखी एक संधी द्यायची असे ठरले आहे, एकच.

ती कुठे अडली ते विचारले तर म्हणाली, "उपकरणांवर." तेव्हा मी तिच्याबरोबर बसून वाचायला लागले. मला समजले तेवढे सांगते.

हवा स्वच्छ असते तेव्हा वैमानिक बाहेर बघून विमान चालवते. क्षितिज दिसते, त्यावरून विमान सरळ आहे की कलले आहे ते कळते. ढगात शिरले की बाहेर नुसते पांढरे. मग समोरच्या तबकड्या वाचूनच विमान चालवायचे. याला उपकरणांच्या आधारे उड्डाण म्हणतात आणि त्याचे वेगळे प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यासाठी ४० तासांचा सराव लागतो. त्यातला काही भाग जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्ये करता येतो. विमानात सराव करताना डोळ्यांवर अशी झापड लावतात की फक्त तबकड्या दिसाव्यात, बाहेरचे काही दिसू नये.

हे शिकल्याशिवाय ढगात गेले तर काय होते? १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. उपकरणांचे शिक्षण नसलेल्या २० वैमानिकांना बाहेरचे दिसणार नाही अशा अवस्थेत विमान चालवायला दिले. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला. सरासरी वेळ १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटेही नाहीत. हे लोक अडाणी नव्हते, त्यांना विमान चालवता येत होते. फसवले ते त्यांच्या कानांनी. आपल्या कानाच्या आत द्रवाने भरलेल्या बारीक नळ्या असतात. आपण वळतो तेव्हा तो द्रव हलतो आणि वळल्याचे समजते. पण विमान बराच वेळ हळूहळू वळत राहिले तर द्रवही त्याच वेगाने फिरू लागतो आणि शरीर सांगते, आपण सरळ चाललो आहोत. मग माणूस विमान सरळ करायला गेला की त्याला उलट्या बाजूला कलल्यासारखे वाटते आणि तो पुन्हा वळणात शिरतो.

आपण प्रत्येक शिबिरात बाईला सांगतो, स्वतःच्या अनुभवावर विश्वास ठेव. आणि हे पुस्तक सांगते, ढगात स्वतःच्या अंगाचे ऐकू नकोस! मी थोडी थबकलेच. पुढे वाचल्यावर कळले की पुस्तक कुठल्याही एका तबकडीचेही ऐकायला सांगत नाही. सगळ्यांवरून नजर फिरवायची आणि एकीची साक्ष दुसरीशी ताडून बघायची. शिकणाऱ्यांच्या तीन चुका दिल्या आहेत : एकाच काट्याकडे टक लावून बसणे, एखादा काटा बघायचाच राहून जाणे, आणि आवडत्या काट्यावर नको इतका भर देणे. कौटुंबिक तंट्याची चौकशी करताना आपण ह्या तिन्ही चुका करतो, नाही का?

आता हे ज्ञान आजवर कुणाला मिळाले ते बघू. २४ सप्टेंबर १९२९ रोजी अमेरिकेत जिमी डूलिटल या वैमानिकाने झाकलेल्या कॉकपिटमध्ये बसून, फक्त उपकरणे वाचून, विमान उडवले आणि पुन्हा उतरवले. त्याच सुमारास एडविन लिंक याने जमिनीवर सराव करण्याचे यंत्र बनवले, ते पुढे 'लिंक ट्रेनर' म्हणून ओळखले गेले. एल्रे जेपसन नावाचा टपालविमानांचा वैमानिक विमानतळांची माहिती, उंची, अडथळे स्वतःच्या छोट्या वहीत टिपून ठेवी. इतर वैमानिक ती मागू लागले. १९३४ पासून तो त्या माहितीच्या प्रती दहा डॉलरला विकू लागला. आज जगभरचे वैमानिक वापरतात ते जेपसनचे नकाशे त्या वहीतून निघाले. म्हणजे अभ्यासाचे साहित्य आधी कुणाच्या तरी खिशातली वही असते. ती कुणाच्या हाती जाते यावर पुढचे ठरते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये विमाने कारखान्यातून तळावर पोचवण्याचे काम 'एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरी' ही संघटना करी. तिच्यात दीडशेहून अधिक स्त्रिया वैमानिक होत्या आणि १९४३ पासून त्यांना पुरुषांइतका पगार मिळू लागला. त्यांच्याजवळ एक खिशात मावणारी टिपणवही असे. तिच्या आधारे त्या पूर्वी कधी न चालवलेली विमानेही चालवीत. परंतु उपकरणांवर उडण्याचे शिक्षण त्यांना दिले जात नव्हते. ढगाखालीच राहा, असा नियम. तो पुरुषांनाही होता, हे सांगायला हवे. पण हवा बिघडायची थांबत नाही. १९३० साली एकटीने इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला गेलेली एमी जॉन्सन ५ जानेवारी १९४१ रोजी अशाच कामावर असताना खराब हवेत वाट सोडून थेम्स नदीच्या मुखापाशी पाण्यात पडली. तिचा देह मिळाला नाही. नेमके काय घडले यावर आजही वाद आहेत, म्हणून मी त्यातून घाईने निष्कर्ष काढणार नाही.

अमेरिकेत आणखी वेगळे घडले. १९४२ साली तिथल्या नौदलात स्त्रियांचा 'वेव्ह्ज' हा विभाग निघाला. त्यातल्या काही जणींना लिंक ट्रेनरवर शिक्षिका म्हणून नेमले. म्हणजे ढगात विमान कसे चालवायचे हे नौदलाच्या पुरुष वैमानिकांना बायका शिकवीत होत्या, आणि त्याच नौदलात बाईला विमान चालवण्याची परवानगी नव्हती. नौदलाने पहिल्या स्त्रियांना वैमानिकाचा बिल्ला दिला तो १९७४ साली! तेव्हा "बायकांना यंत्रातलं कळत नाही" असे कुणी म्हणाले तर हा दाखला द्या.

आपल्याकडे १९८५ साली इंडियन एअरलाइन्सचे कलकत्ता–सिलचर विमान कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी नेले, सहवैमानिक निवेदिता भसीन, आणि सगळा चमू स्त्रियांचा. अलीकडच्या सरकारी आकड्यांप्रमाणे भारतातल्या वैमानिकांत सुमारे १५ टक्के स्त्रिया आहेत. जगाची सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे वाट आहे. पण त्या पंधरातल्या किती जणी एसटी ड्रायव्हरच्या घरातून आल्या असतील?

आता अभ्यासाच्या साहित्याकडे वळते. चांगली बातमी अशी की मूळ पुस्तक फुकट आहे. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचे 'इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग हँडबुक' इंटरनेटवर कुणालाही उतरवून घेता येते. साडेतीनशेहून अधिक पाने, भरपूर चित्रे. कानाची गोष्ट आणि त्या तीन चुका त्यातल्याच. त्याच्या जोडीला विमानतळाकडे जाण्या-येण्याच्या पद्धतींचे दुसरे हँडबुक आहे, तेही फुकट. भारतातले नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर आहेत, आणि विमानतळांचे नकाशे विमानतळ प्राधिकरणाच्या माहितीसंग्रहात. हवामानासाठी आपल्याकडचे विद्यार्थी विंग कमांडर आय. सी. जोशी यांचे पुस्तक वापरतात. पावसाळा, पश्चिमी विक्षोभ हे अमेरिकन पुस्तकात कुठून मिळणार?

मग मुलगी अडली कुठे? पहिली अडचण, तिने प्रश्नसंच पाठ केले होते. ज्या क्लासमध्ये गेली तिथे तेच शिकवत. आकडा बदलला की उत्तर चुके. दुसरी अडचण, दोन देशांची पुस्तके मिसळली होती. अमेरिकन पुस्तकात हवेचा दाब पाऱ्याच्या इंचांत असतो, प्रमाण दाब २९.९२. आपल्याकडे तोच दाब हेक्टोपास्कलमध्ये, १०१३. उंचीमापक या दाबावर लावावा लागतो. चूक झाली तर काटा दाखवेल त्याहून विमान खाली असू शकते. हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. क्लासमध्ये तिने शंका विचारली तेव्हा सगळ्यांसमोर उत्तर मिळाले, "इतकं बेसिक कळत नसेल तर एअर होस्टेस हो." त्यानंतर तिने शंका विचारणे सोडले. सहासष्ट विद्यार्थ्यांत मुली चारच होत्या. तिसरी अडचण घरातली. रात्री नऊपर्यंत भाकरी-भांडी, मग एकाच खोलीत टीव्ही.

आम्ही काय केले? विमान आम्हाला आणता येणार नव्हते. पुठ्ठ्यावर सहा तबकड्या काढल्या : वेग, कृत्रिम क्षितिज, उंची, वळण, दिशा, आणि चढउताराचा वेग. टाचण्यांनी काटे बसवले. एकीने काटे लावायचे, दुसरीने विमान काय करते आहे ते मराठीत सांगायचे. नाक वर आहे, तरी वेगही कमी होतो आहे आणि उंचीही. म्हणजे जोर अपुरा आहे, विमान पडण्याच्या बेतात आहे. मग एक कूट घातले. क्षितिजाची तबकडी म्हणते विमान सरळ, दिशेचा काटा म्हणतो दिशा बदललेली नाही, पण वळणाचा काटा म्हणतो विमान वळते आहे. दोन विरुद्ध एक, कुणाचे खरे? नववीतली एक मुलगी म्हणाली, "दोघींचं." आमची मुलगी हसून म्हणाली, "जुन्या छोट्या विमानात त्या दोघी एकाच पंपावर चालतात. पंप बंद पडला की दोघी मिळून खोटं बोलतात. वळणाचा काटा विजेवर असतो." मी म्हटले, अगदी एकाच घरातले दोन साक्षीदार! ते तिला पुस्तकात वाचून समजले नव्हते, दुसरीला समजावताना समजले.

नियंत्रण कक्षाची सूचना ऐकून तशीच परत म्हणायची असते. त्यासाठी रोज अर्धा तास दोघीजणी इंग्रजीत मोठ्याने बोलतात. अडलेल्या शब्दांची मराठी वही केली आहे. एका निवृत्त शिक्षकांनी रविवारी फिजिक्स शिकवायला सुरुवात केली आहे. संगणकावरचा साधा सिम्युलेटरही मिळवला. त्याचे तास परवान्यासाठी धरले जात नाहीत, हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितले. खोटी आशा दाखवणे हाही एक प्रकारचा अन्याय आहे. पेपर निघाले तरी पैशाचा डोंगर समोर आहेच, आणि शिष्यवृत्ती आणि कर्जाची जुळवाजुळव आपल्यालाच करावी लागणार आहे.

आता पाण्याचा प्रश्न. मागे पाण्याच्या मोर्चात आम्ही एका कार्यालयात गेलो आणि पाइपलाइनचा नकाशा मागितला. साहेब म्हणाले, "तुम्हाला तो कळायचा नाही." आमच्यातल्या एकीलाही तेव्हा तो वाचता येत नव्हता, म्हणून आम्ही गप्प बसलो. क्लासमध्ये त्या मुलीला जे ऐकावे लागले ते याहून वेगळे होते का? पाण्याचा नकाशा असो की धावपट्टीचा, कागद फुकट मिळाला तरी तो वाचायला शांत जागा, रोजचे दोन तास, आणि न हसता शंका ऐकून घेणारे माणूस लागते. मुलाला हे घरातच मिळते. मुलीला ते आपण द्यायचे आहे.

तेव्हा परत गेल्यावर एवढेच करा. आपल्या कार्यालयाची खोली रात्री नऊनंतर दोन तास मुलींसाठी उघडी ठेवा. गावात फिजिक्स शिकवणारे कुणी असेल त्यांना गाठा. आणि मुलीच्या आईवडिलांशी एकदा बोला, एका नापाशीवर तिचे लग्न ठरवू नका म्हणून. तिच्या वडिलांशी मी दोनदा बोलले आहे. ते नाही म्हणाले नाहीत, हो सुद्धा म्हणाले नाहीत.

तिचा पेपर पुढच्या महिन्यात आहे. निकालाचे मी आज काही सांगू शकत नाही. पण काल रात्री निघताना पाहिले, ती त्या नववीतल्या मुलीला उंचीमापक शिकवत होती, आणि ती मुलगी शंका विचारत होती.