आदिमातेचा वध



इजिप्तमध्ये कर्नाकला अमुन-रे या देवाचं मोठं मंदिर आहे. तिथले पुजारी रोज एक विधी करीत. मेणाचा साप घडवायचा, त्याचं नाव हिरव्या शाईनं लिहायचं. मग त्याच्यावर थुंकायचं, डाव्या पायानं त्याला तुडवायचं, सुरीनं भोसकायचं आणि शेवटी आगीत टाकायचं. इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरीची एक पपायरसची गुंडाळी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यात हा सगळा विधी मंत्रांसह लिहून ठेवलेला आहे.

हा साप म्हणजे आपेप. सूर्यदेव रे रात्री नावेत बसून पाताळातून प्रवास करतो आणि वाटेत आपेप त्या नावेवर चालून येतो, अशी श्रद्धा होती. आपेपला देऊळ नाही, नैवेद्य नाही, त्याचा कुणी भक्तही नाही. त्याला मारलं तरी तो मरत नाही, दुसऱ्या रात्री पुन्हा येतो. आणि नावेच्या टोकावर भाला घेऊन त्याला अडवतो कोण? सेत. वादळांचा देव, सख्ख्या भावाचा, ओसायरिसचा खून केलेला. असल्या देवावर इजिप्तनं सूर्याच्या रक्षणाची जबाबदारी टाकली, यात मला फार मोठी समज दिसते. दांडगाईला घराबाहेर हाकलण्यापेक्षा दारावर उभं करणं त्यांना शहाणपणाचं वाटलं.

आपल्या ऋग्वेदातला वृत्र आपण सगळे ओळखतो. पाणी अडवून बसलेला अहि, म्हणजे सापच, त्याला इंद्रानं वज्रानं मारलं आणि सात नद्या वाहू लागल्या. पण पहिल्या मंडलातलं बत्तिसावं सूक्त सावकाश वाचा. वृत्र पडतो तेव्हा त्याची आई, दानू, त्याच्यावर आडवी पडते. इंद्र तिलाही सोडत नाही. इंद्राची स्तुती गाणाऱ्या ऋषीनं हे दृश्य वगळलेलं नाही.

आता मी ज्या कथेसाठी आज इथे आलो, ती सांगतो. ती बाबिलोनची आहे. सात मृत्तिका-पट्टांवर लिहिलेलं हे काव्य, ‘एनूमा एलीश’. त्याचे तुकडे आजच्या मोसुलजवळ, निनवे इथल्या असुरबानिपाल राजाच्या ग्रंथालयात सापडले. जॉर्ज स्मिथ यांनी 1876 साली त्यांचं भाषांतर पुस्तकरूपानं प्रसिद्ध केलं. बँकनोटांचे ठसे खोदण्याचं काम शिकलेला हा माणूस कीलाक्षर लिपी स्वतःच्या बळावर शिकला होता. त्याच वर्षी, प्रवासात, अलेप्पोला त्यांचं निधन झालं.

काव्याच्या आरंभी आकाश नाही, जमीन नाही. फक्त दोन पाणी आहेत. गोडं पाणी म्हणजे आप्सू, खारं पाणी म्हणजे तियामत. दोघं एकमेकांत मिसळतात आणि देव जन्मतात. हे तरुण देव इतका गोंगाट करतात की आप्सूला झोप लागत नाही. तो म्हणतो, यांना संपवून टाकू. तेव्हा तियामत त्याच्यावर संतापते. आपणच जन्माला घातलेल्यांना आपणच कसं मारायचं, असा तिचा सवाल असतो. विध्वंसाची देवता म्हणून जिचं नाव जगभर गाजलं, तिचं काव्यातलं पहिलं बोलणं हे असं आहे.

पुढे एआ हा देव मंत्र घालून आप्सूला झोपवतो आणि ठार करतो. तियामत तेव्हाही गप्प राहते. नवऱ्याला मारलं तरी तू स्वस्थ बसलीस, असं तिच्याच बाजूचे देव तिला टोचून बोलतात, तेव्हा कुठे ती उठते. अकरा भयंकर प्राणी निर्माण करते, किंगूला सेनापती नेमते आणि भाग्यपट्ट त्याच्या छातीवर बांधते. देव घाबरतात. एआचा मुलगा मार्दुक लढायला तयार होतो, पण अट घालतो की सर्व देवांचं राज्य मला द्या. हे काव्य रचलं गेलं तेव्हा बाबिलोन शहराचं वर्चस्व वाढत होतं आणि मार्दुक त्या शहराचा देव होता. नववर्षाच्या अकितू उत्सवात, निसान महिन्यात, म्हणजे साधारण आपल्या चैत्राच्या सुमारास, चौथ्या दिवशी हे काव्य त्याच्या मूर्तीसमोर म्हटलं जाई. विजेत्याच्या देवळात म्हटलेलं हे काव्य आहे, हे विसरून ते वाचता येत नाही.

मार्दुक तियामतच्या उघड्या तोंडात वारे घुसवतो आणि बाण मारतो. सुकवायचा मासा चिरावा तसे तिचे दोन भाग करतो. एका भागाचं आकाश होतं आणि वरचं पाणी खाली सांडू नये म्हणून तिथे पहारेकरी बसवले जातात. तिच्या डोळ्यांतून युफ्रेटीस आणि तैग्रीस वाहू लागतात. ज्या दोन नद्यांवर बाबिलोनची शेती जगली, त्या तिच्या डोळ्यांतल्या. मग किंगूला मारून त्याच्या रक्तापासून माणूस घडवला जातो. कशासाठी? देवांचे कष्ट उपसायला.

म्हणजे बाबिलोनचा माणूस डोक्यावर तियामतचं शरीर पाहत होता, तिच्या डोळ्यांचं पाणी पीत होता आणि अंगात तिच्या सेनापतीचं रक्त बाळगत होता. मार्दुकची स्तुती करतानाच त्या कवींनी हे सगळं लिहून ठेवलं.

पुराणकथांच्या पुस्तकांत तियामतचं वर्णन बहुधा राक्षसी म्हणून केलेलं आढळतं. श्रोतेहो, असं पुस्तक हाती आलं तर तिथे थांबू नका. सातही पट्टांची भाषांतरं उपलब्ध आहेत. पहिला पट्ट तरी पूर्ण वाचा आणि तिच्याविषयीचं मत स्वतः ठरवा. माझं मत झालं आहे. ती आई आहे, आणि तिचा राग रास्त आहे.